काठी शेवटी निवडा!
घरच्या शेततळ्यासाठी गळ बांधताना

आष्टी तालुका पर्जन्यछायेतला. इथे शेततळे म्हणजे फळबागेचा उन्हाळ्यातला जीव. अनेक शेतकरी बंधूंनी त्या पाण्यात कटला, रोहू, मृगळ यांचे बीज सोडले आहे. बाग भिजते आणि वर मासळीही मिळते. पण घरी कालवणापुरते दोन मासे हवे असले, तर तेवढ्यासाठी जाळे ओढणे म्हणजे अख्खे तळे ढवळणे. अशा वेळी गळाची काठी सोयीची. माळकरी घरांनी हा मजकूर सोडून दिला तरी चालेल. मात्र तळ्याच्या कडेविषयी शेवटी जे लिहिले आहे, ते सर्वांनी वाचावे.

गळ टाकणे आपल्या मुलखाला नवे नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे. माशांच्या जाती, त्यांना आवडणारे आमिष आणि गळाने मासा धरण्याची रीत त्यात सांगितली आहे.

आजही गळाचे सुटे भाग आणून घरी काठी बांधता येते. भाग मोजकेच : गळ, दोरी, तरंगी, शिसे, काठी, आणि रीळ लावायचे असेल तर कड्या. बहुतेक जण आधी छानशी काठी शोधतात आणि मग हाताला येईल ती दोरी बांधतात. हा क्रम उलटा आहे. मोटार जळू नये म्हणून आपण फ्यूज बारीक तारेचा घालतो. तसेच इथे. ताण आला तर पहिल्यांदा काय तुटावे, हे आधी ठरवावे. गळाजवळची हातभर दोरी तुटली तर नुकसान थोडक्या पैशांचे. काठी मोडली, तळ्याचा कागद फाटला किंवा माणूस घसरला, तर ते नुकसान भरून येत नाही.

आधी पाणी, मग मासा

कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या थरात, तर मृगळ तळाशी. शेततळ्यात साधारणपणे ५०० मायक्रॉनचा प्लॅस्टिक कागद असतो. हा कागद जाड दिसला तरी गळाच्या टोकापुढे त्याचा टिकाव लागत नाही. एक छिद्र पडले की पाणी झिरपू लागते, आणि ते कोठून जाते हे लवकर सापडतही नाही. म्हणून कागदाच्या तळ्यात मृगळाच्या मागे लागू नये. गळ मधल्या थरातच राहील असा बेत करावा.

गळ व दोरी

गळाच्या नंबरात गंमत आहे. ८ नंबरचा गळ ६ नंबरच्या गळापेक्षा लहान असतो. रोहूचे तोंड लहान, म्हणून ६ किंवा ८ नंबर पुरतो. विकत घेताना टोक अंगठ्याच्या नखावर हलके टेकवून ओढावे. अडले तर धार आहे, घसरले तर बोथट आहे. मग एक गळ पकडीत धरून थोडा वाकवून पाहावा. काडकन मोडला तर पोलाद फार कडक, सहज सरळ झाला तर फार मऊ. दोन्ही नकोत. गळाचा उलटा दात पकडीने दाबून टाकावा. त्याने मासा एखाद्या वेळी सुटेल, पण बोटात रुतलेला गळ लवकर निघेल.

दोरी नायलॉनची, म्हणजे तंगूस घ्यावी. तिची ताकद घरीच तपासता येते. दोरीचे एक टोक स्प्रिंगच्या काट्याला बांधून तुटेपर्यंत ओढावी आणि कितव्या किलोवर तुटली ते पाहावे. या वेळी डोळे सांभाळावेत. मुख्य दोरी जाड ठेवून गळाजवळची हातभर दोरी तिच्याहून कमी ताकदीची घ्यावी. हाच आपला फ्यूज. गाठ आवळण्यापूर्वी पाण्याने ओली करावी. कोरडी आवळली तर घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन तिथेच कमजोर होते. उन्हानेही नायलॉन कुजते. म्हणून दोरी सावलीत ठेवावी व वर्षाला बदलावी.

तरंगी व शिसे

तरंगीला बुचाचा किंवा थर्माकोलचा तुकडा चालतो. शिसे फक्त एवढेच, की तरंगी उभी राहावी आणि बुडू नये. खोली मोजताना गळ बांधू नये. कापडात गुंडाळलेले दोन खडे बांधून सोडावेत. मग तरंगी अशी बांधावी, की गळ तळापासून निदान दोन हात वर राहील. आमिषाला कणकेच्या गोळ्यात थोडी भुईमुगाची पेंड मिसळली तर रोहू येतो.

आता काठी

काठीची लांबी कुंपणाबाहेर उभे राहून ठरवावी. तिथून उताराचा कागद ओलांडून खोल पाण्यावर शेंडा पोचला पाहिजे. बहुधा बारा-तेरा फूट लागतात. भरीव बांबू, ज्याला मानवेल म्हणतात, तो उत्तम. तीन वर्षांचा पक्व बांबू हिवाळ्यात तोडलेला असावा आणि सावलीत वाळवलेला असावा. कोवळा बांबू वाळताना आक्रसतो आणि त्याला कीड लवकर लागते. पेरांवरचे डोळे तासावेत, पण वरची साल खरवडू नये. बांबूचे बळ सालीलगतच्या धाग्यांतच असते.

शेंड्याला एक किलोचे वजन बांधून काठी हळू उचलावी. कमान सलग पडली तर काठी पास. एकाच पेरावर कोन पडला तर ती वेलाच्या मांडवाला वापरावी. दोरी नुसती शेंड्याला बांधू नये. मुठीपासून काठीच्या अंगाने शेंड्यापर्यंत आणावी. म्हणजे शेंडा मोडला तरी दोरी हातात राहते.

या बांबूची कीर्ती साता समुद्रापार गेली होती. अमेरिकेत १८४०च्या दशकात सॅम्युएल फिलिप नावाच्या बंदूक बनवणाऱ्या कारागिराने बांबूच्या चिरफळ्या चिकटवून काठ्या केल्या. एकोणिसाव्या शतकात तिकडच्या कारागिरांना त्यासाठी हिंदुस्थानातून जाणारा ‘कलकत्ता’ बांबू लागे. पुढे चीनच्या बांबूने त्याची जागा घेतली, मग काचतंतू आले आणि १९७०च्या दशकात कार्बन आला. त्या काठ्यांनी पिसांची बनावट माशी फेकून ट्राउट मासा धरतात. माशीला वजन नसते, म्हणून दोरीच वजनदार असते, आणि दोरीच्या नंबराला जुळेल अशी काठी घेतात. तिथेही मेळ नसेल तर भारी काठी फुकट जाते.

रीळ लावायचे असेल तर

काठीच्या जितक्या फूट, साधारण तितक्या कड्या आणि शेंड्याला एक जादा लागते. मुठीकडे अंतर जास्त, शेंड्याकडे कमी ठेवावे. प्रत्येक कडीतून कापसाचा बोळा फिरवावा. कापूस अडकला तर आत खरखर आहे. ती कडी दोरी कापणार. कड्या मजबूत दोऱ्याने गुंडाळून वर व्हार्निशचे दोन हात द्यावेत.

तळ्याच्या कडेला

ओल्या कागदावर शेवाळ धरते. त्यावर घसरलेल्या माणसाला हाताला धरायला काही मिळत नाही. पोहता येणारी माणसेही शेततळ्यात दगावली आहेत. म्हणून गळ टाकणाऱ्याने कुंपण ओलांडू नये. मासा वर घेण्यासाठी लांब दांड्याची हातजाळी वापरावी. फुगवलेली ट्यूब दोराला बांधून खांबाला कायम टांगलेली असावी. मुलांना एकटे पाठवू नये. वरून विजेची तार जात असेल तिथे काठी उभारूच नये. कार्बनच्या काठीतून वीज वाहते, ओल्या बांबूतूनही वाहते. तुटलेली दोरी आणि गळ गोळा करून आणावेत. नाही तर ते जनावराच्या चाऱ्यात किंवा मुलाच्या पायात जातात.

स्वतःच्या तळ्यात आपण मालक आहोत. मेहेकरीसारख्या सरकारी तलावाची गोष्ट निराळी. अशा तलावांत मासेमारीचा हक्क ठेक्याने, बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेला दिलेला असतो. तिथे गळ टाकण्यापूर्वी विचारावे.

ज्यांना काठी घरचीच हवी, त्यांनी बांधावर मानवेलाची चार बेटे लावावीत. २०१७च्या कायदा दुरुस्तीनंतर वनक्षेत्राबाहेरचा बांबू वन कायद्यात झाड धरला जात नाही. त्यामुळे शेतातला बांबू तोडायला त्या कायद्याखाली परवाना लागत नाही. येत्या पावसाळ्यात रोप लावले, तर चार-पाच वर्षांनी काठी मिळेल आणि टोपल्या, शिड्या, मांडव यांचीही सोय होईल.