घटपर्णीला खत नको

पावसाळ्यात सिंधुदुर्गातल्या कातळसड्यावर निळी-जांभळी सीतेची आसवं आणि चिकट थेंबांचा दवबिंदू दिसतो. दोघेही कीटकभक्षी. कातळावरच्या मातीत नत्र फार कमी, ते किड्यांतून मिळवायचं.

मेघालयातली घटपर्णीही तशीच. म्हणून कुंडीत तिला खत वर्ज्य. खारटपणा जाईपर्यंत धुतलेला काथ्याचा भुसा, जाड वाळू आणि साठवलेलं पावसाचं पाणी द्या. मचूळ पाणी नको. कोवळं ऊन हवं; दमट हवा आपल्याकडे आहेच. पावसाळ्यात दोन-तीन पेरांचा फाटा लावा. मुळं फुटायला एक-दोन महिने लागतात.

रोप मात्र रोपवाटिकेतलंच घ्या. सड्यावरचा दवबिंदू एका हंगामाचा. बी पडण्याआधी उपटलात, तर पुढच्या पावसात तिथं काय उगवणार?