बिनबियांच्या केळीची किंमत

केळीत बी नसणे ही खाणाऱ्याची सोय असली, तरी पिकाची ती दुबळी बाजू आहे. ईशान्य भारतातील रानकेळींत टणक बिया असतात. बाजारातील बहुतेक केळी मात्र त्रिगुणित, म्हणजे 11 गुणसूत्रांचे तीन संच असलेली. तीन संचांची समान वाटणी होत नाही, म्हणून बी धरत नाही आणि लागवड मुनव्यांवर किंवा उतिसंवर्धित रोपांवर चालते. परिणामी जळगावच्या ग्रँड नैन वाणाची झाडे जनुकीयदृष्ट्या जवळपास एकसारखी असतात आणि एकाला मारणारी बुरशी सगळ्यांना मारू शकते. पनामा मर रोगाने ग्रोस मिशेल हा निर्यातीचा वाण 1960च्या सुमारास असाच मागे पडला. त्याची जागा घेणाऱ्या कॅव्हेंडिश गटाला, म्हणजे ग्रँड नैनलाही, आता त्याच बुरशीचा टीआर4 हा प्रकार ग्रासतो.

उतिसंवर्धित रोपे रोगमुक्त असतात, मग भीती कशाची, असे कोणी विचारेल. पण रोगमुक्त रोप रोगप्रतिकारक नसते आणि ही बुरशी जमिनीत अनेक वर्षे टिकते. उत्परिवर्तनाने असे वाणही क्वचित बदलतात. जनुकांची नवी जुळणी मात्र परागणातून, बीमधूनच होते. म्हणून बियांच्या रानकेळी जपल्याच पाहिजेत.