हिमकणांचा ऋतु आणि परसबाग

महाबळेश्वरास वेण्णा तलावाच्या कांठीं व लिंगमळ्याच्या बाजूस डिसेंबर-जानेवारींत एखाद्या पहाटे गवतावर पांढरे हिमकण पसरतात. पाहुण्यांस त्याचें कौतुक वाटतें. परंतु ज्याचें परस अशा सखल जागीं आहे, त्यास तें दृश्य पाहवत नाहीं. महसूल खात्याच्या कारकुनींतून मोकळा झाल्यावर प्रस्तुत लेखकानें ह्या भागांत चार गुंठे परसबाग धरिली आणि पहिल्याच हिवाळ्यांत घेवडा, टोमॅटो व बटाटा एका रात्रींत घालविला. तीच चूक इतर बंधूंच्या हातून होऊं नये, एवढ्यासाठींच हा लेख.

थंडी वाऱ्याबरोबर येते, ह्या समजुतीनें मीं परसाच्या उताराकडील बाजूस दाट कूड घातला व वाफ्यांवर वाळलेल्या गवताचा जाड थर पसरला. दोन्ही उपाय उलटले. हिमकणांची रात्र निरभ्र व निवांत असते. अशा रात्रीं जमीन व पानें आपली उष्णता उघड्या आकाशाकडे टाकितात. थंड झालेली जड हवा पाण्याप्रमाणें उतारावरून येऊन खळग्यांत सांचते. माझ्या कुडानें ती परसांतच अडविली, आणि गवतानें दिवसाचें ऊन जमिनींत मुरूं दिलें नाहीं व रात्रीं आंतील ऊब वर येऊं दिली नाहीं. डोक्याएवढ्या उंचीवर तापमापक चार अंश दाखवीत असतांही जमिनीलगतचें पान गोठूं शकतें, हें तेव्हां उमगलें.

म्हणून तयारी कार्तिकांतच करावी. येथील पाऊस बहुधा ५,००० मिलिमीटरांहून अधिक. त्यानें तांबड्या जमिनीचा कस वाहून जातो. यास्तव पाऊस सरतांच कुजलेलें शेणखत घालून वाफे उंच करावे. घेवडा, टोमॅटो, बटाटा हीं नाजूक पिकें वरच्या टप्प्यावर घ्यावीं. कोबी, गाजर, मुळा, पालक हीं हलकें हिंव सोसतात, तीं खालीं लावावीं. खालच्या कुडांत थंड हवेस वाट ठेवावी.

थंडी वाढूं लागतांच वाफ्यांतील तण व गवत काढावें आणि जमीन ओलसर राखावी. ओली जमीन दिवसा अधिक उष्णता सांठविते व रात्रीं ती पिकास देते. सूर्यास्तापूर्वीं चार मेढींवर गोणपाट किंवा गवताची ताटी पिकाच्या वर वीतभर अंतरावर टाकावी. पानांस ती टेकूं देऊं नये. ऊन वर आल्यावर ती काढावी.

स्ट्रॉबेरीच्या उमललेल्या फुलाचा मध्य काळा पडला, तर त्या फुलास फळ धरत नाहीं. परंतु रोप जिवंत असतें व पुढील फुलांस फळ येतें. घाबरून रोप उपटूं नये. करपलेलीं पानेंही थंडी सरेपर्यंत छाटूं नयेत.

दफ्तरांतील मनुष्यास नोंदीची खोड असते. पहिल्या हिमकणांच्या पहाटे परसांत फिरून, जेथें पांढुरकेपणा अधिक वेळ टिकतो तेथें मीं खुंट्या ठोकिल्या. गेल्या हिवाळ्यांत त्या खुंट्या पाहूनच पेरणी केली व घेवडा वांचला. आळसानें ताटी टाकावयाची राहिली, त्या दोन ओळी मात्र काळ्या पडल्या. त्यांचीही नोंद वहींत केली आहे.