पेशींखालचा पापुद्रा

गर्भाशयाच्या मुखाचा तुकडा तपासायला दिला, की डॉक्टर मुख्यतः एक गोष्ट पाहतात: बदललेल्या पेशींनी खालचा पापुद्रा ओलांडला आहे का? या पापुद्र्याला 'बेसमेंट मेम्ब्रेन' म्हणतात. तो कशाचा बनलेला असतो, हे आज समजून घेऊ.

त्वचेत, गर्भाशयात, मूत्रपिंडात पेशींचे थर या पापुद्र्यावर बसलेले असतात. पुष्कळ ठिकाणी तो केसाच्या जाडीच्या साधारण हजाराव्या भागाइतकाच असतो. मग तो पेशींपासून वेगळा काढायचा कसा?

त्यासाठी संशोधकांनी जनावरांचे अवयव घेतले. वळूच्या किंवा उंदराच्या वृषणात शुक्राणू तयार करणाऱ्या बारीक नळ्या असतात आणि प्रत्येक नळीभोवती हा पापुद्रा असतो. वृषण बारीक चिरून नळ्या सुट्या करतात. मग त्यांवर कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी सोडतात. पेशी फुटतात, पण चिवट पापुद्रा टिकतो. भिजवलेली डाळ चोळून धुतली की सालं वेगळी होतात ना, तसा तो मिठाच्या पाण्यात वारंवार धुऊन स्वच्छ करतात.

पुढे तो तीव्र आम्लात ११० अंश सेल्सिअसला सुमारे दिवसभर तापवतात. प्रथिनं सुटी होऊन अमिनो आम्लं मिळतात, ती मोजतात. त्यांत ग्लायसिन भरपूर असतं, हायड्रॉक्सिप्रोलिन असतं आणि हायड्रॉक्सिलायसिनही. म्हणजे हे कोलॅजेनच, पण हाडाकातड्यातल्यापेक्षा निराळं. निकोलस केफालिडिस यांनी १९६६ मध्ये कुत्र्याच्या मूत्रपिंडातल्या पापुद्र्यातून असं कोलॅजेन वेगळं केलं. आज त्याला चौथ्या प्रकारचं कोलॅजेन म्हणतात. हाडात कोलॅजेनचे दोर असतात, इथे त्याची जाळी विणलेली असते.

जाळी कशाची हे कळलं, म्हणून ती कोण कापतं हेही शोधता आलं. १९८० मध्ये लान्स लिओटा आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या गाठींवर दाखवलं, की कर्करोगाच्या ज्या पेशी शरीरात जास्त पसरतात, त्या हे कोलॅजेन जास्त विरघळवतात.

रक्तवाहिन्या पापुद्र्याच्या खाली असतात. बदललेल्या पेशी वरच असतील, तर तेवढा भाग काढून बहुधा भागतं. त्या खाली उतरल्या, की उपचार मोठा होतो. आणि वर असताना बाईला सहसा काहीच त्रास जाणवत नाही. म्हणून आम्ही गटातल्या प्रत्येकीला सांगतो: तिशी ओलांडली, की दुखण्याची वाट न पाहता गर्भाशयाच्या मुखाची तपासणी करून घ्या. सोबत हवी असेल, तर शेजारणीलाही घेऊन जा.