फावल्या वेळचा छंद : मंडलरेखन आणि मिश्र माध्यम

विरंगुळा आणि छंद हे दोन शब्द व्यवहारात एकाच अर्थाने वापरले जातात. परंतु त्यांत एक सूक्ष्म भेद आहे. विरंगुळ्यात वेळ निघून जातो; छंदात तो हळूहळू साठत जातो आणि काही वर्षांनी त्याचे कौशल्य झालेले आढळते. वर्तुळात नक्षी रेखाटण्याचा, म्हणजेच मंडलरेखनाचा छंद अलीकडे शहरोशहरी पसरला आहे. दुकानांतून त्याची छापील पुस्तके मिळतात. आकृती तयार असते, तिच्यात रंग तेवढे भरावयाचे असतात. या सोयीमुळे अनेकांच्या हाती रंग आले, हा लाभच म्हटला पाहिजे. परंतु रेषा दुसऱ्याची आणि रंग आपला, एवढ्यावरच थांबणाऱ्याच्या हातून या छंदातील निम्मा आनंद निसटतो, हेही तितकेच खरे.

‘मंडल’ म्हणजे वर्तुळ, घेरा, समूह. ऋग्वेदाच्या 10 विभागांना मंडले म्हणतात, ते याच व्यापक अर्थाने. धार्मिक विधीत मात्र मंडल ही प्रत्यक्ष आखावयाची आकृती असते, आणि ती गोलच असते असेही नाही. महाराष्ट्रीय घरांत व्रताच्या उद्यापनाला मांडले जाणारे सर्वतोभद्र मंडल चौरस असते. आडव्या व उभ्या प्रत्येकी 19 रेषांनी त्याची 18 गुणिले 18, म्हणजे 324 घरे पडतात, आणि ती पांढऱ्या, तांबड्या, पिवळ्या, हिरव्या व काळ्या रंगांनी भरतात. या रंगांसाठी तांदूळ, मसूर, हरभऱ्याची डाळ, मूग आणि उडीद वापरण्याची पद्धत आहे. मध्यबिंदू निश्चित करावयाचा, त्याभोवती समतोल राखीत बाहेर जावयाचे, आणि जे घरात आहे त्यातूनच रंग निर्माण करावयाचे, ही मंडलाची तिन्ही लक्षणे त्या एका पाटावर एकत्र दिसतात.

तिबेटी बौद्ध परंपरेत हेच काम रंगीत वाळूने होते. खरबरीत कडांच्या धातूच्या निमुळत्या नळीत वाळू भरून ती नळी दुसरीने घासली की वाळूची बारीक धार पडते. अनेक भिक्षू कित्येक दिवस खपून मंडल पूर्ण करतात. विधी संपला की ते पुसून टाकतात आणि वाळू वाहत्या पाण्यात सोडतात. बेळगावपासून फार दूर नसलेल्या मुंडगोड येथील तिबेटी वसाहतीत गांदेन व द्रेपुंग हे मोठे मठ आहेत. त्यामुळे सीमाभागातील रसिकांना ही परंपरा परकी वाटण्याचे कारण नाही. गोमंतकातील जुन्या मंदिरांच्या भिंतींवर कावीचे काम आढळते. त्यात पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा थर देतात आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा रंग उघडा करतात. त्यातील अनेक वर्तुळाकार फुले कर्कटकाने आखलेली असतात.

या आकृत्यांचा मनावर परिणाम होतो काय, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. स्वित्झर्लंडमधील मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग याने 1916 मध्ये आपले पहिले मंडल रंगविले आणि पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस तो रोज सकाळी वहीत एक लहान वर्तुळाकार चित्र काढीत असे. त्या चित्रांत आपल्या मनाची त्या त्या दिवसाची अवस्था उमटते, असे त्याला दिसून आले. पुढे अमेरिकेत करी व कॅसर या संशोधकांनी 2005 मध्ये 84 विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. काहींना रंगविण्यास मंडल दिले, काहींना उभ्या-आडव्या पट्ट्यांची नक्षी दिली, तर काहींना नुसता कोरा कागद दिला. मंडल व पट्ट्या रंगविणाऱ्यांची अस्वस्थता कोऱ्या कागदावर रंगविणाऱ्यांपेक्षा अधिक कमी झाली. यातून निघणारा बोध मोठा मार्मिक आहे. त्या प्रयोगात पट्ट्यांची नक्षीही मंडलाइतकीच उपयोगी पडली. तेव्हा स्वास्थ्याचे श्रेय वर्तुळाच्या गूढ सामर्थ्याला देण्यापेक्षा हाताला मिळालेल्या निश्चित चौकटीला देणे अधिक सयुक्तिक. मंडलरेखन हे औषध नव्हे. पण चित्त एका जागी ठेवण्याचे ते एक चांगले साधन आहे.

आता प्रत्यक्ष कृती. जाड, खरबरीत असा जलरंगाचा कागद, कठीण शिसपेन्सिल, कर्कटक, कोनमापक आणि पट्टी एवढे साहित्य आरंभाला पुरते. मध्यबिंदूतून एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या दोन रेषा काढाव्यात आणि 12 सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढावे. कर्कटकाचे अंतर न बदलता परिघावर खुणा करीत गेल्यास बरोबर 6 भाग पडतात; त्या प्रत्येकाचा मध्य काढला की 12 भाग होतात व प्रत्येक कोन 30 अंशांचा येतो. कोनमापकाने मोजावयाचे असल्यास सर्व कोन एकाच मूळ रेषेपासून मोजावेत. प्रत्येक कोन मागच्या रेषेपासून मोजला आणि दर खेपेस एका अंशाची चूक झाली, तर फेरी पूर्ण होईपर्यंत ती 12 अंशांची होते आणि शेवटची पाकळी बसता बसत नाही. मग एकाच केंद्राभोवती लहानमोठी वर्तुळे काढावीत. एका भागात एक कमान काढली की तीच कमान उरलेल्या अकरा भागांत काढावयाची. ती फेरी पुरी झाल्याखेरीज पुढच्या वर्तुळाकडे वळू नये. हा एवढा नियम पाळला तर आकृती आपोआप उमलत जाते.

ठिपक्यांची रांगोळी ज्यांच्या हाताखालून गेली आहे त्यांना हे अवघड नाही. सरळ ओळींत मांडलेले ठिपके चौरसाचा तोल देतात. ‘7 ते 4’ या जातीच्या रांगोळीत मात्र ठिपके एकाआड एक येतात. मधल्या ओळीत 7 आणि दोन्ही बाजूंना 6, 5, 4 असे एकूण 37 ठिपके मांडले की षट्कोन तयार होतो. म्हणजे षट्कोनी मंडलाची भूमिती गृहिणींच्या बोटांत पूर्वीपासून होतीच. तिला भूमिती हे नाव तेवढे मिळाले नव्हते.

रेखाटन साधले की मिश्र माध्यमाकडे वळावे. एकाच चित्रात रंग, शाई, कागद, कापड, सूत, मणी अशा भिन्न वस्तू एकत्र आणणे म्हणजे मिश्र माध्यम. पाश्चात्य कलेत याला प्रतिष्ठा मिळाली ती 1912 मध्ये. त्या वर्षी पिकासोने वेताच्या विणीचे चित्र छापलेले मेणकापड आपल्या चित्रात चिकटविले आणि चौकटीऐवजी भोवती दोर गुंडाळला. त्याच वर्षी ब्राकने भिंतीला लावण्याच्या छापील कागदाचे तुकडे रेखाटनात वापरले. माळव्यात मात्र कुमारिका पितृपक्षात भिंतीवर शेणाची संजा मांडतात, तिच्यावर फुलांच्या पाकळ्या व चमकीचे कागद लावतात, आणि पक्ष संपला की ती विसर्जित करतात. इंदूरच्या मराठी घरांना हा शेजारधर्म चांगला परिचयाचा आहे. भिन्न वस्तूंचा मेळ घालण्याची बुद्धी येथे खेळातून आणि व्रतातून जोपासली गेली.

मिश्र माध्यमात यश मिळते ते क्रम पाळल्याने. आधी पातळ, मग दाट, आणि सर्वांत शेवटी जड, हे सूत्र ध्यानी ठेवावे. प्रथम जलरंगाचा फिका हात द्यावा व तो पूर्ण वाळू द्यावा. मेणाच्या खडूवर पाणी ठरत नाही. म्हणून जेथे पांढरी रेषा राखावयाची असेल तेथे आधी मेण फिरवून वर जलरंग घ्यावा. हाच गुण विसरून मेणावर पाण्याचा रंग चढवू पाहणाऱ्याची निराशा ठरलेली. शाई पाण्याने विरघळते की नाही, हे वेगळ्या तुकड्यावर पाहून मगच ती चित्राला लावावी. त्यानंतर कागद व कापड चिकटवावे आणि मणी, टिकल्या, जर यांना सर्वांत शेवटी स्थान द्यावे.

चिकटविताना दोन गोष्टी घात करतात. ओला कागद फुगतो व वाळताना आकसतो. त्यामुळे एकाच बाजूला कागद लावलेला पुठ्ठा वाकडा होतो. पाठीमागेही तसाच एक कागद लावला म्हणजे दोन्हीकडील ओढ सारखी होते. मग तो कोऱ्या कागदांत घालून रात्रभर वजनाखाली ठेवावा. दुसरी गोष्ट कागदाच्या जातीची. वर्तमानपत्राचा कागद उन्हात काही दिवसांतच पिवळा पडतो, कारण त्यात लाकडातील लिग्निन शिल्लक असते. तो पिवळेपणा हवा असेल तर जरूर वापरावा, नको असेल तर टाळावा. कणकेची खळ स्वस्त व चांगली. मात्र तिला कसर लागते, म्हणून टिकाऊ कामाला दुकानातील पांढरा डिंक बरा. फुटक्या बांगड्यांच्या काचा मुलांच्या हाती देऊ नयेत.

साहित्य विकतच आणले पाहिजे असे नाही. गुळेदगुड्डच्या खणाचा उरलेला तुकडा, महेश्वरी लुगड्याचा जीर्ण काठ, हैदराबादच्या लाखेच्या बांगडीवरचे आरसे, जुन्या पत्रांची पाकिटे यांतील प्रत्येक वस्तू आपापल्या गावाचा रंग घेऊन येते. खणाचे त्रिकोण पाकळीच्या कमानीत बसविले, तर त्या मंडलाला जो स्वभाव येतो तो छापील पुस्तकातून येणार नाही.

येथेच या छंदाच्या मुळाशी असलेला प्रश्न येतो. मराठी कुटुंबे वडोदरे, ग्वाल्हेर, इंदूर, हैदराबाद येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिली. भाषा बदलली, शेजार बदलला, तरी उंबऱ्यावरची रांगोळी बदलली नाही. तिचे नमुने अनेक घरांत एखाद्या चौकटीच्या वहीत पेन्सिलीने उतरविलेले असतात. अशा वहीवर बहुधा नाव नसते, सालही नसते, आणि ती आवराआवरीत रद्दीत जाते. रांगोळी पुसण्यासाठीच असते, हे खरे. पण दुसऱ्या सकाळी ती पुन्हा काढणारा हात असतो म्हणून तिच्या पुसण्याचे दुःख होत नाही. तो हातच उरला नाही, तर पुसले जाणे हे लोपणे ठरते. वडोदऱ्याचे चित्रकार ज्योती भट्ट यांनी 1967 पासून गावोगावच्या भिंती व अंगणे यांवरील चित्रे छायाचित्रांत टिपली. त्यांतील कित्येक रेषा आज केवळ त्या छायाचित्रांत उरल्या आहेत.

एवढा मोठा उद्योग प्रत्येकाला साधणार नाही, आणि त्याची आवश्यकताही नाही. मंडलाचा छंद लावून घेणाऱ्याने पहिला नमुना बाजारातून आणण्याऐवजी घरातील वडीलधाऱ्या स्त्रीकडे मागावा. ठिपके कसे मोजावयाचे, कोणती रेषा आधी, कोणत्या सणाला कोणती आकृती, हे विचारून घ्यावे. ती रेषा कागदावर घेऊन, तिच्यात नवी माध्यमे मिळवून, मागील बाजूस जिच्याकडून नमुना मिळाला तिचे नाव, गाव आणि साल लिहावे. फावल्या वेळचा हा छंद मग एका घराची दप्तरातील नोंद होईल.