स्पिटफायर आठवणीत कसं राहतं

घरच्या संगणकावरच्या फ्लाइट सिम्युलेटरसाठी वेगळे पैसे मोजून जुनं लढाऊ विमान घ्यायचं, हा निव्वळ हौशी लोकांचा खेळ मानला जातो. मला मात्र त्यात इतिहास जपण्याचं खरं काम दिसतं. ब्रिटिशांचं स्पिटफायर मार्च १९३६ मध्ये पहिल्यांदा उडालं. पुढे अशी २०,००० हून अधिक विमानं बनली. आज उडू शकणारी मोजकीच आहेत. बाकीची उरलेली बहुतेक संग्रहालयांत उभी आहेत. तिथे विमानाचा देखणा आकार दिसतो, पण ते वागायचं कसं हे कळत नाही. स्पिटफायरचं मर्लिन इंजिन थंड ठेवणारा रेडिएटर पंखाखाली असल्यामुळे जमिनीवर त्याला पुरेसा वारा मिळत नसे. म्हणून धावपट्टीकडे जाताना रेंगाळणं वैमानिकाला परवडत नसे. त्यातच लांब नाकामुळे समोरचं दिसत नाही, म्हणून नागमोडी जायचं. ए टू ए सिम्युलेशन्स या कंपनीने सिम्युलेटरसाठी तयार केलेल्या स्पिटफायरमध्ये ही घाई अंगवळणी पडते, कारण तिथे इंजिन तापवून बिघडवलं तर ते नुकसान पुढच्या उड्डाणातही कायम राहतं.

सुरुवातीच्या स्पिटफायरचं नाक झटक्यात खाली केलं की कार्ब्युरेटरमुळे इंजिन अडखळायचं. जर्मन मेसरश्मिटच्या इंजिनात इंधन थेट फवारलं जाई, त्यामुळे शत्रू सरळ सूर मारून निसटायचा. ब्रिटिश वैमानिकाला आधी विमान उलटं करून मग खाली वळावं लागे. १९४१ मध्ये बीट्रिस शिलिंग या अभियंता बाईंनी भोक असलेली एक छोटीशी धातूची चकती बसवून हा दोष बराच आटोक्यात आणला. हे वाचून समजतं. पण सिम्युलेटरमध्ये पाठलाग करताना इंजिन दगा देतं, तेव्हा त्या चकतीचं मोल उमगतं.

खुर्चीत बसून ना शरीरावर दाब येतो, ना मरणाची भीती वाटते, हा आक्षेप रास्त आहे. युद्ध कसं होतं हे सिम्युलेटर सांगू शकत नाही आणि तसा दावा कुणी करू नये. पण यंत्र चालवण्याची रीत हा वेगळा ठेवा आहे. स्पिटफायरमध्ये चाकं आत घ्यायचा दांडा उजवीकडे होता, म्हणून उड्डाण होताच वैमानिक विमान वळवायची दांडी डाव्या हातात घेई. घरी उजवा हात माऊसकडे जातो, तेव्हाही नेमकी हीच हातांची अदलाबदल करावी लागते! ‘हे युद्धाचं उदात्तीकरण आहे’ या आक्षेपापेक्षा मला दुसरीच काळजी जास्त वाटते. २००६ च्या मायक्रोसॉफ्ट सिम्युलेटरसाठी घडवलेली विमानं आजच्या आवृत्तीत जशीच्या तशी चालत नाहीत. संग्रहालयांनी पत्र्याच्या सांगाड्याइतकीच ही संगणकीय विमानंही, त्यांना चालवणाऱ्या जुन्या संगणकांसकट, आताच जतन करायला घ्यायला हवीत.