आधी रिकामा तांब्या मोजा!

मापनाच्या तासाला बाहेरून येणाऱ्याला दिसतात ती मुलं, पाणी आणि तराजू. खरी धावपळ झालेली असते आदल्या दिवशी, शाळा सुटल्यावर. देवळा तालुक्यातल्या आमच्या शाळेत तराजू होतो तो कपड्यांचा हँगर, बरण्यांची दोन सारखी झाकणं आणि सुतळीचा. तो एका बाजूला झुकतोच. मग वर गेलेल्या झाकणाखाली ओल्या मातीचे चिमूटभर गोळे चिकटवत राहायचं, दोन्ही झाकणं एका पातळीत येईपर्यंत. झुकता तराजू वर्गात नेला, तर मुलांचा भरवसा पहिल्याच वजनाला उडतो.

दुसरीच्या वर्गात क्रम ठरलेला: आधी नुसतं बघून अंदाज, मग हातात घेऊन, शेवटी तराजू. एका बाजूला कांद्याच्या टरफलांची फुगीर पिशवी, दुसऱ्या बाजूला वाळूची पुरचुंडी. बघून अंदाज करताना सगळे हात पिशवीसाठी वर. पिशवी हातोहात फिरली आणि कुजबुज सुरू झाली. वाळूचं झाकण खाली गेल्यावर एकजण उठून म्हणाला, "टरफलं किती का भरा, खळ्यावर ती वाऱ्याने उडतात!" मोठं ते जड, हा समज त्यानेच मोडून काढला.

पाण्याचा तास याहून अवघड. दोन सारख्या पेल्यांतलं पाणी मुलांसमोर ओतायचं, एक पेला उंच बाटलीत, दुसरा पसरट वाडग्यात. "बाटलीत जास्त!" वर्ग एका सुरात. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी दाखवून दिलं होतं की साधारण सात वर्षांपर्यंत मूल पाण्याची उंची बघूनच निवाडा देतं. तिथे समजावून सांगणं कामाचं नाही. पाणी परत पेल्यांत ओतू द्यायचं, पुन्हा पुन्हा, मुलांच्याच हातांनी. सांडणार हे धरूनच खाली जुनी चादर अंथरलेली असते.

तिसरीला मी लिटरच्या मापाने तांब्यात पाणी भरलं आणि तो इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवणार, तोच मागून एका मुलीचा आवाज आला, "मॅडम, आधी रिकामा तांब्या मोजा!" तिचे वडील उमराण्याच्या मार्केटला कांदा नेतात. भरलेला ट्रॅक्टर काट्यावर, माल खाली केला की रिकामा ट्रॅक्टर काट्यावर, उरेल तो कांदा. हे तिने वडिलांसोबत जाऊन पाहिलेलं. फळ्यावर वजाबाकी तिनेच मांडली: १ किलो ३०० ग्रॅममधून ३०० ग्रॅम गेले, राहिलं १ किलो.

"म्हणजे लिटरभर काहीही असलं तरी किलोच?" दुसऱ्याने लगेच विचारलं. या प्रश्नासाठीच आयांकडून तेलाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन मागवून ठेवल्या होत्या. मुलांनी छापील अक्षरं वाचली: १ लिटर, ९१० ग्रॅम. जागा तेवढीच, वजन कमी. धारकता आणि वस्तुमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या पिशवीने सांगितलं.

आमच्या कसमादे भागातलं मूल शाळेत येतं तेच काटा, कांद्याची चाळ, ट्रॉली बघून. उन्हाळ कांदा चाळीत ठेवला की वजनात घटतो, हेही त्याला ठाऊक असतं. शिक्षकाने ते आधी विचारावं. किलो-ग्रॅमची, लिटर-मिलिलिटरची कोष्टकं पाठ व्हायलाच हवीत. पण त्याआधी चांगला आठवडाभर तराजू आणि पाणी मुलांच्या हाती द्यावं, आणि काटा बघण्याआधी प्रत्येकाकडून अंदाज वदवून घ्यावा.